पापाचा टंच

हुपरीच्या चांदीधंद्यात खोटेपणाला आकडा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात वसलेल्या या गावात आणि आसपासच्या गावांत पैंजण घडवणे हा घरोघरचा उद्योग आहे. एक जण चांदी आटवतो, दुसरा तार ओढतो, तिसरा कड्या जोडतो, घुंगरू लावणारे हात पुष्कळदा घरातल्या बायकांचे असतात, आणि शेवटी झळाळी आणणारा कारागीर आणखी वेगळाच. एकच किलो चांदी इतक्या उंबऱ्यांवरून फिरते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर वजन होते, घट मोजली जाते आणि शंका आली तर टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढला जातो. ‘अमका वाईट’ असे म्हणून तिथे कुणाचेच भागत नाही. चांदी किती कमी भरली, कोणत्या हातात कमी झाली, डाकात, म्हणजे जोडकामाच्या धातूत, मिसळ किती पडली आणि भरपाई कोणी करायची, हे ठरवावेच लागते. राजकारणात मात्र पाप, दुष्ट, राक्षस, समाजशत्रू हे शब्द टंच न काढताच चलनात येतात. त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर चांदीच्या थोरल्या बहिणीचा, सोन्याचा, १९६३ ते १९९० हा सत्तावीस वर्षांचा इतिहास वाचावा. हुपरीची चांदी त्या काळातल्या सुवर्णनियंत्रण कायद्याबाहेर राहिली. पण कोल्हापूरच्या गुजरीपासून मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत सोन्याच्या प्रत्येक पेढीला आणि प्रत्येक शेगडीला त्याने हात घातला.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. त्या दिवसांत देशभर बायकांनी हातातल्या बांगड्या-पाटल्या उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीत दिल्या. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी बसले. नोव्हेंबरातच सरकारने सुवर्णरोखे काढले. त्यांत सोन्याचा भाव तोळ्याला साडेबासष्ट रुपये, म्हणजे आंतरराष्ट्रीय दराने धरला होता. आपल्या बाजारात तोच तोळा जवळजवळ दुप्पट भावाने विकला जात होता. बँकांना सोन्यावरची कर्जे परत घ्यायला सांगण्यात आले. रोख्यांना प्रतिसाद बेताचाच मिळाला. मग जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले: चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही, दागिन्यांखेरीजचे सोने सरकारला जाहीर करायचे, व्यापाऱ्याने परवाना घ्यायचा. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. तोफा थंडावून तोवर सात आठवडे झाले होते. तीन महिन्यांत एकाच बांगडीचे तीन अर्थ झाले. निधीत पडली तर ती पुण्याई, मनगटावर राहिली तर देशाविषयीची अनास्था, आणि बावीस कॅरटमध्ये नव्याने घडली तर गुन्हा. बांगडी तीच होती, तिच्याभोवतीची भाषा बदलली होती.

ही भाषा मोरारजींनी शून्यातून काढलेली नव्हती. भागवतात परीक्षित राजा कलीला राहायला आधी चार जागा देतो: द्यूत, मद्यपान, स्त्रीसंग आणि हिंसा. कली आणखी एक जागा मागतो, तेव्हा राजा त्याला सोने देतो. कीर्तन-प्रवचनांतून ही कथा आपल्याकडे शतकानुशतके ऐकली गेली आहे. मुंबई प्रांताच्या गृहमंत्रिपदावर मोरारजी असतानाच १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. सोन्यावरचे नियम हा त्याच मनोवृत्तीचा पुढचा टप्पा होता. कलीच्या जागा एकेक करून राज्याने काढून घ्यायच्या, असाच तो प्रवास दिसतो. सुवर्णनियंत्रणाकडे ते नुसता चलनाचा उपाय म्हणून पाहत नव्हते. लोकांचा सोन्याचा मोह सुटावा ही त्यात समाजसुधारणा होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही आणि कुणी घेऊही नये. स्वतःच्या राहणीत ते इतरांपेक्षा अधिकच कठोर होते. पण वैराग्याची जी परंपरा त्यांच्या पाठीशी होती, तिने हे काम राजाकडे कधीच सोपवले नव्हते. शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, अशी आठवण वारकरी सांगतात. परत केला तो स्वतःपुरता. गावातल्या सोनाराची शेगडी विझवा, असे ते म्हणाले नाहीत. नरहरी सोनार संतांच्या मांदियाळीत बसले तेही धंदा सोडून नव्हे. त्यांनी सोनारकामाच्याच भाषेत आपली भक्ती सांगितली. ज्या धर्मभावनेने सोन्याला कलीचे घर म्हटले, तिनेच सोन्याला लक्ष्मी मानून पायात घालायचे नाही असे ठरवले, आणि म्हणून पायांसाठी चांदी राहिली. हुपरीचा सारा पैंजणांचा धंदा या एका संकेतावर उभा आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात लोक आजही आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटतात. समाजाच्या मनात सोने एकाच वेळी मोह आणि मंगल होते. कायद्याने त्यातला निम्मा अर्थ उचलला आणि उरलेला निम्मा गुन्ह्यात काढला.

शिवाय सोन्याची बाजू सांगणारी जी मोठी गोष्ट होती, ती या नैतिक भाषेच्या नजरेतून पूर्ण सुटली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत बहुतेक बायकांना वडिलांच्या जमिनीत मुलाच्या बरोबरीचा वाटा नव्हता. बाईच्या नावावर म्हणण्यासारखे जे काही असे ते अंगावरचे असे. पीक बुडाले, बैल मेला, घरात दुखणे आले, की तोच दागिना पेटीतून निघायचा आणि गहाण पडायचा. ज्याच्या दारात बँक नाही, विमा नाही, त्याच्यासाठी दोन तोळे सोने म्हणजे चैन नव्हती. ते तारण होते. बँकांनी सोन्यावरची कर्जे बंद केल्यावर ते तारण जायला एकच दार उरले, ते सावकाराचे. मोहाचा विचार करणाऱ्याला मोहच दिसतो. गरज दिसायला हिशेब करावा लागतो.

पण खरा आघात झाला तो घालणाऱ्यावर नव्हे, घडवणाऱ्यावर. सोनाराबद्दलचा संशय आपल्या समाजात जुनाच आहे. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण लहान मुलालाही पाठ असे. एखाद्या धंद्याबद्दल आधीच अशी म्हण असली, की त्याच्या विरोधातल्या कायद्याला पुरावा फारसा लागत नाही, लोक मनातून अर्धे राजी असतात. चौदा कॅरटचे सोने कडक, रंगाने फिके. बावीस कॅरटच्या मऊ सोन्यावर हात बसलेल्या कारागिराला त्यात काम करणे जड, आणि गिऱ्हाइकाला ते पसंत नाही. नव्या दागिन्याची मागणी आटली आणि पिढीजात कारागीर रिकामे बसले. देशाच्या अनेक भागांतून सुवर्णकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. सरकारने पर्यायी नोकऱ्या आणि कर्जांच्या योजना काढल्या. मोरारजी ऑगस्ट १९६३ मध्ये, ज्येष्ठ मंत्र्यांनी पदे सोडून पक्षकार्याला लागावे या कामराज योजनेखाली, मंत्रिमंडळातून बाहेर पडले, पुढे नियम थोडे सैल झाले, आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट उठली. १९६८ मध्ये मोरारजी पुन्हा अर्थमंत्री असताना नियमांचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यात कुटुंबाकडे चार किलोपर्यंत दागिने असतील तर जाहीरही करावे लागत नव्हते. चार किलो! सामान्य कारागिराच्या जवळ किती सोने असावे, हे मात्र ग्रॅममध्ये ठरवून दिलेले, वर नोंदवह्या आणि तपासणी. मोह पाप असेल तर तो चार किलो अंगावर घालणाऱ्याचा. शिक्षा मात्र ते घडवून पोट भरणाऱ्याला झाली. नैतिक भाषा गुन्हेगार शोधताना बहुधा सर्वांत जवळ उभा असलेला, सर्वांत कमी आवाजाचा माणूस धरते.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे नीतीच्या खात्यावर कशाला टाकता? प्रश्न परकीय चलनाचा होता. सोन्याची आयात बंद होती, देशातला भाव जगातल्या भावाच्या दुपटीजवळ गेला होता, चोरटे सोने येत होते आणि त्यापायी देशाचे चलन झिरपत होते. हा आक्षेप खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. पण चलन वाचवणे एवढाच हेतू असता तर उपायही चलनाच्या मापाने तपासला गेला असता: किती तस्करी कमी झाली, किती सोने वाचले, त्यासाठी किती रोजगार गेला. दर दोन वर्षांनी हा हिशेब मांडून कायदा ठेवावा की काढावा हे ठरवता आले असते. तसे झाले नाही. तस्करी वाढतच गेली, आणि आत येणाऱ्या सोन्याची किंमत चुकवायला चांदी चोरून बाहेर जाऊ लागली. १९६९ मध्ये सीमाशुल्क कायद्यात चोरट्या निर्यातीविरुद्ध नवी प्रकरणे घालावी लागली, तेव्हा चांदीही संशयाच्या यादीत आली. पुढे १९७४ मध्ये तस्करांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला. उपाय चुकला, असा निष्कर्ष सरकारने काढला नाही. दुष्ट फार प्रबळ आहे, असाच काढला गेला. वाईटाशी युद्ध म्हणून एखादी गोष्ट सुरू केली, की तिचे अपयश हाच तिच्या गरजेचा पुरावा ठरतो. रोग बरा होत नाही म्हणून औषध बदलायचे सोडून त्याची मात्रा वाढवत राहावी, तसे हे झाले.

सुवर्णनियंत्रण कायद्याला आव्हान देणाऱ्या बंठिया खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल या दृष्टीने मला फार बोलका वाटतो. कायदा करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण त्यातली काही कलमे रद्द केली. परवाना देताना अर्जदाराची ‘योग्यता’ आणि ‘सार्वजनिक हित’ पाहावे असे कायदा म्हणत होता. या शब्दांना वस्तुनिष्ठ कसोटी नाही, त्यांतून अधिकाऱ्याच्या हाती मनमानी जाते, असे न्यायालयाला दिसले. योग्य कोण, हे ठरवण्याचे माप कायद्यात नव्हते. हुपरीच्या भाषेत सांगायचे तर माणसाला हिणकस म्हटले होते, पण टंच काढलेला नव्हता. आणि माप असते तर काय झाले असते, याचे उत्तरही राज्यानेच उशिरा दिले. २००० साली सोन्याच्या आणि २००५ साली चांदीच्या दागिन्यांवर शुद्धतेची छाप मारण्याची योजना भारतीय मानक ब्युरोने सुरू केली. २०२१ च्या जूनपासून सोन्यासाठी ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. चौदा कॅरट आता त्या यादीत अठरा आणि बावीसच्या शेजारी बसतो. त्या यादीतून कोणते घडवायचे हे राज्य सांगत नाही. जे घडवले ते किती शुद्ध आहे, हे खरे सांगा, एवढीच सक्ती. सोनाराच्या लबाडीबद्दलची जुनी तक्रार खोटी नव्हती. तिचे उत्तर मोजण्यात होते.

परकीय चलनाच्या आक्षेपापेक्षा जड आक्षेप दुसरा आहे. राजकारणातून पाप-पुण्याची भाषा काढून टाकली तर उरेल काय? नुसती आकडेमोड? आकडेमोडीने कुठली अस्पृश्यता गेली आहे? हा प्रश्न कोल्हापूरच्या भूमीवर विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर टाळता येत नाही, कारण हुपरीच्याच तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली होती. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज आवर्जून आले होते. शाहूंच्या भाषेत अन्याय हा शब्द होता आणि तो पुरेपूर तापलेला होता. पण त्यांच्या हुकमांकडे पाहावे. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखल्या. तो आकडा होता. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये सरकारी इमारती, दवाखाने, शाळा इथे अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम निघाले, आणि गावात ते मोडले गेले तर जबाबदारी गावकामगारांवर, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्यांवर, टाकली. त्याच साली स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. या प्रत्येक ठिकाणी वाईट म्हणून बोट ठेवले आहे ते एका कृतीवर: दवाखान्यातून हाकलणे, शाळेत वेगळे बसवणे, बायकोला मारणे. कृती सोडली की माणूस सुटतो. नैतिक भाषेची ही वापरण्याजोगी रीत आहे, आणि तिच्याविना राज्य चालू नये असेच माझे मत आहे. १९६१ चा हुंडाबंदी कायदा याच जातीचा होता. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली हे खरे. पण सोन्याच्या मोहातले जे खरोखर क्रूर होते, ते त्याने नेमके पकडले होते. दीड वर्षातच सरकार देण्या-घेण्याच्या कृतीवरून धातूवर घसरले.

धातूवरून जातीवर घसरणे त्याहून सोपे असते, आणि त्याचाही दाखला याच मुलखात आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ‘राक्षस’ या शब्दाचाच टंच काढला होता. जिंकणाऱ्यांनी ज्यांना राक्षस म्हटले ते मुळात रक्षण करणारे होते, असे सांगून त्यांनी पुराणांतल्या सुष्ट-दुष्टांची मांडणी उलटी केली. हा शब्दावरचा हल्ला होता, तो शब्द ज्या व्यवस्थेला झाकत होता तिच्यावरचा होता. ब्राह्मणशाहीवर इतके कडक लिहिणाऱ्या या माणसाने पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. कृती आणि माणूस यांतला फरक त्यांच्या घरात नांदत होता. पण पन्नास-पाऊणशे वर्षांत तो फरक खाली उतरताना पुसट होत गेला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी एक होता, कटात मोजकी माणसे होती, त्यांच्यावर खटला चालला. पण कोल्हापूर आणि आसपासच्या भागात ब्राह्मणांची घरे, दुकाने, कारखाने जाळले गेले. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्या आगीत गेला. काही जण म्हणतात की हे फुले-शाहूंच्या शिकवणीचे फळ. मला तसे वाटत नाही. शिकवणीतला मोजण्याचा भाग गळाला आणि फक्त विशेषण उरले, त्याचे ते फळ होते. अपराध कुणी केला हे विचारायच्या आधीच अपराधी जात ठरलेली होती. ज्या माणगावाने एका समाजाला ‘अपवित्र’ या शब्दातून बाहेर काढायला परिषद भरवली, त्याच मुलखात अठ्ठावीस वर्षांनी दुसरा समाज एका शब्दात कोंडला गेला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत वेदनादायक पान वाटते.

सोन्याच्या कायद्याने घरे जाळली नाहीत, त्याची तुलना १९४८ शी मी करत नाही. पण दोन्ही ठिकाणी शब्द ज्या रीतीने चालला ती रीत एकच आहे: वाईट आधी ठरते, मग ते कुठे राहते ते शोधले जाते, आणि सापडते ते शेजारच्या दारात. म्हणून सुवर्णनियंत्रण कायदा जसा गेला ती पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९९० च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्याची घोषणा अर्थमंत्री मधु दंडवते यांनी केली. दंडवते समाजवादी, साधेपणाने राहणारे, राजापूरचे खासदार. सोन्याच्या चैनीचे समर्थक म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हते. सोने आता पवित्र झाले, असे त्यांनी म्हटले नाही. कायद्याचे हेतू साधले गेले नाहीत आणि छोट्या, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या सुवर्णकारांना त्याचा जाच झाला, अशी कारणे त्यांनी दिली. सत्तावीस वर्षांनी अखेर राज्याने या कायद्याचा टंच काढला होता. जून १९९० मध्ये तो रद्द झाला. १९६३ मध्ये विशीत असलेला, नुकताच शेगडीपुढे बसू लागलेला कारागीर तोवर पन्नाशीकडे झुकला होता.